एका बैठकीतलं सेशन

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य आता आदिलाबादकडच्या खेड्यांतही मराठीच समजलं जातं. कुणी घाईत ‘सर्व्हर बसला’ असंही म्हणून जातं. मोटार बसते, पंप बसतो, मुसळधार पावसात मातीची भिंत बसते, जत्रेत ओरडून ओरडून आवाज बसतो; त्याच ओळीत सर्व्हरही जाऊन बसला. थोड्या वेळानं संगणकापुढचा मुलगा सांगतो, ‘सेशन गेलं, परत लॉगिन करावं लागेल.’ आता इंग्रजी ‘सेशन’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘बसणं’ एवढाच आहे. म्हणजे आधी काम थांबलं ते सर्व्हर बसला म्हणून, आणि नंतर थांबलं ते आपलं बसणं संपलं म्हणून.

क्लायंट, कनेक्शन आणि सेशन हे तीन शब्द प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या रोजच्या तोंडचे. पण कनेक्शन आणि सेशन यांत फरक काय, असं विचारलं की चांगला हात बसलेली मुलंही अडखळतात. ‘एकच की’ हे नेहमीचं उत्तर. या गैरसमजाची किंमत पुढे मोजावी लागते: एका गिऱ्हाइकासाठी केलेली सेटिंग दुसऱ्याच्या कामात शिरते, कुलूप लागलेल्या नोंदी तासन्‌तास अडून राहतात, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो. शब्दांचा इतिहास नीट सांगितला तर यातला निम्मा गुंता तिथेच सुटतो, असं माझं ठाम मत आहे.

आणि हा इतिहास सांगायला आदिलाबाद जिल्ह्यासारखी जागा नाही. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगण, पलीकडे यवतमाळ. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. बेला, जैनथ या बाजूला घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दखनी वळणाची उर्दू. उटनूर-इंद्रवेल्लीकडे गोंडी आणि कोलामी. निजामाच्या राज्याचा कारभार आधी फारसीत चाले, पुढे उर्दूत. हैदराबादेत १९१७ साली दारुत्तर्जुमा नावाचं भाषांतर खातं निघालं, ते उस्मानिया विद्यापीठासाठी शास्त्रांची परिभाषा उर्दूत घडवायला. त्यामुळे ‘बसणं’ या एका साध्या क्रियेसाठी इथल्या माणसाच्या कानावर तीन निरनिराळ्या कुळांतले शब्द पडत आले आहेत.

पहिलं कूळ ‘सद्’ धातूचं. लॅटिनमध्ये ‘सेदेरे’ म्हणजे बसणं. त्यावरून ‘सेस्सिओ’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘सेशन’. संस्कृतातला ‘सद्’ त्याच आदिम धातूचा. सदन, संसद, परिषद, सभासद हे त्याचे ओळखीचे वंशज. ‘उपनिषद’मध्येही तोच: उप, नि आणि सद्, जवळ खाली बसणं. फारसीत ‘निशस्तन’ म्हणजे बसणं. त्यातही हाच ‘नि’ आणि हाच धातू आहे, फक्त इराणी उच्चारात झिजलेला. त्यावरून उर्दूत ‘नशिस्त’, म्हणजे बैठक किंवा आसन. विधानसभेच्या जागेलाही उर्दू वर्तमानपत्रं नशिस्तच म्हणतात. निवडणुकीच्या बातमीतली नशिस्त आणि उपनिषद यांचं नातं इतकं जवळचं आहे.

याच कुळातला आपला शब्द म्हणजे सत्र. सत्र न्यायालय, शाळेचं पहिलं सत्र, दुसरं सत्र, असा ‘सेशन’चा अनुवाद मराठीत रुळला. हा अनुवाद नुसता अर्थानं जुळत नाही, दोघांचं रक्तही एक आहे. संस्कृतात मूळ रूप ‘सत्त्र’, सद् धातूला ‘त्र’ प्रत्यय लागून झालेलं. सोमयाग एका दिवसाचे असत, काही दिवसांचे असत. बारा दिवसांच्या पुढे लांबणाऱ्याला सत्र म्हणत. गवामयन नावाचं सत्र वर्षभर चाले. त्यात यजमान वेगळा आणि ऋत्विज वेगळे अशी वाटणी नसे. बसलेले सगळेच यजमान. बसण्याआधी दीक्षा घ्यायची. ती एकदा घेतली की तिचे नियम शेवटपर्यंत लागू, रोज नव्यानं घ्यावे लागत नसत. शेवटी अवभृथस्नान, आणि मग सगळ्यांनी उठायचं. सत्र संपण्याला जुन्या ग्रंथांत ‘सत्रातून उठणं’ असंच म्हटलेलं आहे. नैमिषारण्यात शौनकाचं बारा वर्षांचं सत्र चालू असताना उग्रश्रवा सूतानं तिथे महाभारत सांगितलं. त्याआधी तीच कथा वैशंपायनानं जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितली होती. ते सर्पसत्र आस्तीकानं अर्ध्यावर थांबवलं आणि तक्षक वाचला.

डेटाबेसच्या सेशनचं वर्णन करायला याहून चांगले शब्द मला सापडलेले नाहीत. लॉगिन ही दीक्षा. एकदा ‘या बैठकीत वेळ भारतीय प्रमाणवेळेनं धर’ असं सर्व्हरला सांगितलं की प्रत्येक प्रश्नासोबत ते पुन्हा सांगावं लागत नाही. उठायच्या वेळी सर्व्हर सगळं धुऊन काढतो: तात्पुरते तक्ते जातात, कुलपं निघतात. आणि काम अर्ध्यावर तुटलं तर जे कायम केलं नव्हतं ते झालंच नाही असं धरलं जातं.

पुढे सत्र हा शब्द दानधर्माकडेही सरकला. मराठीत अन्नसत्र, तेलुगूत ‘सत्रम्’ म्हणजे धर्मशाळा. बेल्याच्या शाळेत शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी मराठी मुलाला सत्र म्हटलं की परीक्षा आठवते, तेलुगू मुलाला वाटसरूंच्या मुक्कामाची जागा.

पण मराठी माणूस बोलताना सत्र म्हणत नाही, बैठक म्हणतो. ‘एका बैठकीत पुस्तक संपवलं’, ‘दोन बैठकांत हिशोब मिटला’, ‘गाण्याची बैठक’. यातली ‘एका बैठकीत’ ही वाक्‌प्रचाराची बैठक म्हणजे शंभर टक्के सेशन: बसल्यापासून उठेपर्यंतचा सलग तुकडा, मधलं सगळं लक्षात ठेवून केलेलं काम. या शब्दाचं कूळ मात्र दुसरं. ‘बसणं’चं जुनं रूप ‘बैसणें’, ते संस्कृत ‘उपविशति’ प्राकृतातून झिजत येऊन झालं. ‘उपविष्ट’वरून बैठ आणि बैठक. धातू ‘विश्’: आत शिरणं, स्थिरावणं. ‘प्रवेश’ याच धातूचा. इथे मला फार आनंद होतो, कारण लॉगिनला आपण प्रवेश म्हणतो, आणि सेशनला बैठक म्हटलं तर दोन्ही शब्द एकाच मुळाचे निघतात, आणि प्रत्यक्षातही त्या एकाच क्रियेच्या दोन पायऱ्या आहेत. आत शिरला, ओळख पटली, तो बसला.

याच ‘विश्’नं आदिलाबादमध्ये एक घोटाळाही करून ठेवला आहे. विधिमंडळाच्या सेशनला मराठीत अधिवेशन म्हणतात, तेलुगूत ‘समावेशालु’. मराठीत समावेश म्हणजे सामावून घेणं, तेलुगूत ‘समावेशम्’ म्हणजे सभा. गावातल्या फलकावर ‘समावेशम्’ वाचून एखाद्या मराठी माणसाला वाटलं की यादीत आपला समावेश झाला, तर त्याचं फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकाच धातूला दोन उपसर्ग लागले, आणि दोन भाषांनी ते शब्द दोन दिशांना नेले.

तिसरं कूळ अरबी, ज-ल-स या तीन व्यंजनांचं. मजलिस म्हणजे बसण्याची जागा, इजलास म्हणजे न्यायाधीशाचं बसणं, आणि जलसा म्हणजेही मुळात बसणंच. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे यांनी अवघा महाराष्ट्र हलवला, तो उभं राहून, गाऊन, वाद घालून. त्यांच्या नावाच्या पोटात मात्र एक बसलेली सभा आहे.

संगणकाच्या जगात सेशन म्हणजे आधी खरोखरचं बसणंच होतं. १९६१ साली एमआयटीत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही यंत्रणा चालवून दाखवली: संगणक एक, आणि त्याचा वेळ वाटून घेणारी माणसं अनेक. माणूस टंकयंत्रासारख्या यंत्रापुढे येऊन बसायचा, स्वतःची ओळख द्यायचा, काम करायचा, उठायचा. पुढे त्या खुर्चीवरून माणूस उठला आणि त्याच्या जागी प्रोग्रॅम बसला. शब्द तोच राहिला. १९८४ च्या ओएसआय आराखड्यात नेटवर्कच्या सात थरांपैकी पाचव्याला सेशन हेच नाव मिळालं. डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल भाषेच्या १९९२ च्या प्रमाणकात क्लायंट, सर्व्हर, कनेक्शन आणि सेशन हे शब्द शेजारी शेजारी आले: क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात जुळलेला दुवा म्हणजे कनेक्शन, आणि एका वापरकर्त्याच्या नावानं एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची सलग मालिका म्हणजे सेशन. फरक तेव्हाच कागदावर उतरला होता.

आता कनेक्शन. लॅटिनमध्ये ‘कोन’ म्हणजे एकत्र, ‘नेक्तेरे’ म्हणजे बांधणं. संस्कृत ‘संबंध’ची घडण अगदी तशीच, सम् आणि बंध. पण मराठीत संबंध माणसांचे असतात, म्हणून तो शब्द इथे चालत नाही. जोडणी चालते, नळाची जोडणी, विजेची जोडणी हे आपण म्हणतोच. मला स्वतःला ‘सांधा’ जवळचा वाटतो. हाडांचा सांधा, दाराचा सांधा, आणि रेल्वेचा रूळ बदलणारा सांधेवाला. तो सांधा ‘संधी’तून आला, आणि ‘संधी’ त्याच ‘सम्’ आणि ‘धा’पासून, ज्यांपासून ‘संधान’ आलं. ‘त्यानं वरच्या लोकांशी संधान बांधलं’ म्हणतो तेव्हा आपण नेमकं कनेक्शनच म्हणत असतो, जरा वाईट अर्थानं.

सर्व्हर दाराशी कान लावून असतो. त्या दाराला पोर्ट म्हणतात. लॅटिन ‘पोर्ता’, दरवाजा. पोस्टग्रेस या डेटाबेसचं दार ५४३२ क्रमांकाचं, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं ३३०६. आपल्या ‘दरबार’ शब्दातही दारच आहे: फारसी ‘दर’, संस्कृत ‘द्वार’. आणि दरबार आदिलाबादला परका नाही. इंद्रवेल्ली मंडळातल्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा सुरू होते. १९४० साली जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमरम भीम मारले गेले, त्यानंतर गोंडांचे प्रश्न समजून घ्यायला निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना नेमलं. त्यांच्या पुढाकारानं त्या दशकात जत्रेत दरबार भरू लागला; अधिकारी येऊन बसायचे, लोक आपली गाऱ्हाणी समोर मांडायचे. तो पायंडा अजून चालू आहे. केसलापूरची वाट म्हणजे कनेक्शन, दरबारातली बैठक म्हणजे सेशन. वाट बाराही महिने असते. तिच्यावरून चालत आलात म्हणून कुणी गाऱ्हाणं ऐकायला बसलेलंच आहे असं नाही.

ओरॅकल या तिसऱ्या डेटाबेसच्या हस्तपुस्तिका कनेक्शन आणि सेशन यांतला हा फरक स्वच्छ मांडतात. कनेक्शन ही क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधली प्रत्यक्ष वाट. सेशन ही सर्व्हरच्या मेमरीत उभी असलेली, आत आलेल्या वापरकर्त्याची स्थिती. एका कनेक्शनवर एकही सेशन नसेल, एक असेल, अनेक असतील. पोस्टग्रेसमध्ये मात्र दोघांची गाठ मारलेली आहे. कनेक्शन आलं की सर्व्हर त्याच्यासाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. कनेक्शन तुटलं की सेशनही गेलं. मायएसक्यूएलमध्ये प्रोसेसऐवजी थ्रेड, बाकी तेच. ‘एकच की’ म्हणणारी मुलं बहुधा या दोहोंपैकी एकावर शिकलेली असतात.

बैठकीत काय काय लक्षात ठेवलं जातं? आलेला कोण, त्याचा वेळेचा पट्टा कोणता, त्यानं कोणते तात्पुरते तक्ते मांडले, कोणता व्यवहार उघडून ठेवला, कोणत्या नोंदींना कुलूप घातलं. आणि एक गोष्ट, जी मराठी आणि तेलुगू नावं जपणाऱ्याला कधीही विसरून चालत नाही: तो कोणत्या संकेतात अक्षरं पाठवतो आहे.

‘पांडुरंग’ हे नाव घ्या. डोळ्यांना अक्षरं चार दिसतात. युनिकोडच्या हिशेबानं संकेत आठ: प, काना, अनुस्वार, ड, उकार, र, अनुस्वार, ग. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट, म्हणजे सगळे मिळून चोवीस. आता तक्ता जर जुन्या लॅटिन संकेतात बांधलेला असेल तर मायएसक्यूएलला या आठांपैकी एकालाही जागा सापडत नाही, आणि सर्व्हर ढिला ठेवला असेल तर तो प्रत्येकाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. पांडुरंगाची आठ प्रश्नचिन्हं. तेलुगूतल्या ‘लक्ष्मी’चीही हीच गत. ही चिन्हं पडद्यावरची नसतात, साठवलेली असतात. मूळ नाव परत येत नाही. एखाद्याच्या आजोबांचं नाव असं पुसलं जातं तेव्हा ती नुसती तांत्रिक चूक राहत नाही, असं मला मनापासून वाटतं.

यावरचा उपाय दोन भागांचा: तक्ता बरोबर संकेतात बांधायचा, आणि बैठक सुरू होताच ‘सेट नेम्स’ ही आज्ञा द्यायची. ही आज्ञा बैठकीतल्या तीन गोष्टी एकदम ठरवते: क्लायंट कोणत्या संकेतात बोलतो, कनेक्शनवर मजकूर कोणत्या संकेतात धरायचा, आणि उत्तर कोणत्या संकेतात परत द्यायचं. आपले दोन शब्द, क्लायंट आणि कनेक्शन, इथे एकाच आज्ञेत वेगवेगळे उभे आहेत, आणि दोन्ही सेटिंग सेशनच्या मालकीच्या.

या जिल्ह्यात ही गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. नारनूर मंडळातल्या गुंजाला गावात गोंडी भाषेची स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं मिळाली. ती गुंजाला गोंडी लिपी जून २०१८ मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत दाखल झाली. तिच्या अक्षरांच्या जागा युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांच्या पलीकडे आहेत, म्हणून यूटीएफ-८ मध्ये त्यांना प्रत्येकी चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावानं जे चालत आलं त्यात तीनच बाइटांची सोय होती. मराठी त्यात सुखानं बसली, तेलुगू बसली, गोंडी दाराबाहेर राहिली. २०१० मध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ आलं तेव्हा चौथ्या बाइटाची जागा झाली. आजही जुन्या प्रोग्रॅममधली बैठक तीन बाइटांच्या कराराची असेल तर गुंजाल्याचं अक्षर तिच्यातून पलीकडे जात नाही.

एक संदेश मायएसक्यूएलवाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे: ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’, सर्व्हर निघून गेला. सकाळी कचेरी उघडते, पहिलीच नोंद करायला जावं तर हे वाक्य येतं. दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत. वाक्य दिशाभूल करणारं आहे. सर्व्हर कुठेही गेलेला नसतो. त्याचा नियम असा की बैठकीत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, कुणी काही बोललं नाही तर ती मोडायची. संध्याकाळी सहापासून सकाळी दहापर्यंत सोळा तास होतात. सर्व्हरनं मध्यरात्रीनंतर बैठक मोडली, क्लायंटला पत्ता नाही; तो आपल्या टोकाचा सांधा हातात धरून बसलेला. नीट सांगायचं तर ‘तुमची बैठक संपली’ असं म्हणायला हवं. मोडणं हे क्रियापद मराठीत बैठकीला लागतं, वाटेला लागत नाही, आणि नेमकं तेच इथे घडलेलं असतं.

याच्या उलटा प्रकार अधिक त्रासाचा. पोस्टग्रेसमध्ये सध्या कोण कोण बसलंय हे दाखवणारा ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ नावाचा तक्ता असतो. त्यात एखाद्या ओळीपुढे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसतं, म्हणजे व्यवहार उघडून स्वस्थ बसलेला. प्रोग्रॅमनं व्यवहार सुरू केला, एका नोंदीला कुलूप घातलं, आणि मग तो दुसऱ्याच कशाची तरी वाट पाहत राहिला. जोडणी धडधाकट, बैठक जिवंत, काम शून्य. आणि तीच नोंद बदलू पाहणारे बाकीचे ताटकळत. डेटाबेस मंद झाला अशी ओरड झाली की मी सगळ्यात आधी ही ओळ शोधतो.

आता राहिला क्लायंट, आणि हा शब्द मला सर्वांत आवडतो तो मराठीनं त्याच्यासाठी ठेवलेल्या नावामुळे. रोममध्ये ‘क्लिएन्स’ म्हणजे बड्या घराच्या आश्रयाला असलेला माणूस. सकाळी उठून धन्याच्या दारी हजेरी लावायची, त्याच्या बाजूनं उभं राहायचं, बदल्यात संरक्षण मिळवायचं. इंग्रजीत तो आधी वकिलाच्या आश्रयाला आलेला पक्षकार झाला, मग कुणाचाही ग्राहक. संगणकात तो १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रातल्या कामातून रुळला. त्याआधी १९६९ च्या आर्पानेटच्या कागदांत ‘सर्व्हर’ होता, पण त्याच्या समोरच्याला ‘यूजर’ म्हणत.

वकिलाच्या क्लायंटला मराठी शब्द अशील. हा ‘अ’ आणि ‘शील’ नव्हे. शील नसलेला असा त्याचा अर्थ लावू नये. अरबी ‘असील’ म्हणजे मूळचा, खरा. ‘अस्ल’ म्हणजे मूळ. ‘इ’काराआधी आलेल्या ‘स’चा मराठीत ‘श’ होतो: सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिफारिशची शिफारस. तसाच असीलचा अशील. अस्सल हा त्याचा सख्खा भाऊ, आणि आंध्र-तेलंगणात झुंजीसाठी नावाजलेल्या असील जातीच्या कोंबड्याचं नावही तेच, अस्सल रक्ताचा म्हणून. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवलं तो. अशील म्हणजे ज्याचं मूळ काम आहे तो. उर्दूत त्याला मुवक्किल म्हणतात, काम सोपवणारा. म्हणजे रोमन शब्दात क्लायंट आश्रित आहे, आणि आपल्या शब्दात तो मूळ धनी.

डेटाबेसच्या बाबतीत आपला शब्द सरस ठरतो. बोलायला सुरुवात नेहमी क्लायंट करतो. सर्व्हर दाराशी कान देऊन वाट पाहतो. काम क्लायंटचं, सर्व्हर ते पार पाडतो. आणि क्लायंट म्हणजे खुर्चीवरचा माणूस नव्हे, हेही अशीलवरून चटकन समजतं. खिडकीशी उभा शेतकरी, संगणकापुढचा मुलगा, त्याच्या पडद्यावरचा प्रोग्रॅम, आणि दूरच्या सर्व्हरवर त्या प्रोग्रॅमच्या वतीनं डेटाबेसशी बोलणारा दुसरा प्रोग्रॅम. डेटाबेसच्या लेखी अशील एकच, तो शेवटचा. शेतकऱ्याचं नाव त्याच्या नोंदीत असतं, बैठकीत नसतं.

इथे एका पाटीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २०११ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ‘मी सेवा’ केंद्रं सुरू झाली. तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमची’, आदरानं. मराठी कानाला ‘मी’ म्हणजे मीच. एकाच पाटीकडे पाहून तेलुगू शेजारी ‘तुमची सेवा’ वाचतो आणि मराठी शेजारी ‘मी, सेवा’. सर्व्हर आणि सेवा यांचा उच्चार जवळचा आहे, पण तो योगायोग. दोन्ही शब्दांची मुळं वेगळी.

शेवटी पूल. प्रत्येक कामासाठी नवी जोडणी उघडणं महाग पडतं: हाक, प्रतिसाद, पोच ही तीन पावलांची देवघेव, मग पासवर्डची तपासणी, मग सर्व्हरवर नवी प्रोसेस. शिवाय जागा मोजक्या. पोस्टग्रेस मुळात शंभर जोडण्या घेतो, मायएसक्यूएल १५१. त्यापुढे गेलं की पोस्टग्रेस म्हणतो, माफ करा, आधीच फार क्लायंट झालेत. म्हणून थोड्या जोडण्या आधीच उघडून ठेवतात आणि लागतील तशा वापरायला देतात. याला ‘कनेक्शन पूल’ म्हणतात. मराठी डोळ्याला यात पैनगंगेवरचा पूल दिसतो, जो फारसी ‘पुल’वरून आला. काही अनुवादांत त्याचा तलाव होतो, कारण इंग्रजीत पाण्याच्या डोहालाही पूलच म्हणतात. दोन्ही चूक. हा पूल फ्रेंच ‘पूल’, म्हणजे कोंबडी. खेळात मध्ये जमा केलेल्या पणाला फ्रेंच लोक कोंबडी म्हणत. त्यावरून इंग्रजीत सर्वांनी मिळून ठेवलेला साठा असा अर्थ आला.

माझ्या मते याला मराठी शब्द उसनवार हाच हवा. उसनं म्हणजे दान नव्हे, कर्ज नव्हे. काम झालं की जसंच्या तसं परत करायचं. पूलमधली जोडणी अशीच उसनी घ्यायची असते, आणि ‘जसंच्या तसं’ यातच सगळी ग्यानबाची मेख आहे. जोडणी परत जाते, पण तिच्यावरची बैठक मोडलेली नसते. आधीच्या अशिलानं बदललेला वेळेचा पट्टा, त्याचा तात्पुरता तक्ता, तिथेच राहतात आणि पुढच्याच्या गळ्यात पडतात. म्हणून पोस्टग्रेसमध्ये परत करताना ‘डिस्कार्ड ऑल’ चालवून बैठक कोरी करायची सोय आहे.

प्रोग्रॅमच्या आतही सेशन नावाची वस्तू असते, एसक्यूएलअल्केमी किंवा हायबरनेट वापरणाऱ्यांच्या परिचयाची. ती सर्व्हरवरची बैठक नव्हे. ती अशिलाच्या घरची टाचणवही. त्यात बदल लिहून ठेवले जातात आणि गरज पडेल तेव्हाच जोडणी उसनी घेतली जाते. वेबवर लॉगिन केल्यावरचं सेशन आणखी तिसरं, कुकीवर चालणारं. ‘सेशन गेलं’ म्हणणाऱ्याला कोणतं, हे विचारावंच लागतं.

आणि पीजीबाउन्सरसारखा मधला अडत्या असला तर आणखी सांभाळावं लागतं. त्याच्या सेशन पद्धतीत अशील उठेपर्यंत जोडणी त्याचीच असते. ट्रान्झॅक्शन पद्धतीत ती एका व्यवहारापुरतीच हाती येते. पुढच्या व्यवहाराला दुसरीच मिळू शकते, आणि मघाशी केलेली सेटिंग पहिल्या जोडणीवरच राहून जाते. अशा ठिकाणी सेटिंग ‘सेट’नं करू नये, व्यवहार उघडून त्याच्या आत ‘सेट लोकल’नं करावी, व्यवहार संपताच ती आपोआप उतरते आणि पुढच्या अशिलाला कोरी जोडणी मिळते.